चपाती बंद करण्याआधी: सिलिॲकचा अर्धवट रिपोर्ट कसा वाचायचा

दिवाळीची सुट्टी संपता संपता वडूजहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, रिपोर्ट आलाय. पण त्यात आहे असंही म्हणत नाहीत आणि नाही असंही म्हणत नाहीत. मी काय समजू?" पाठोपाठ व्हॉट्सॲपवर दोन फोटो आले. रिपोर्ट तिच्या मुलीचे, वय वर्षं आठ, सिलिॲक या आतड्याच्या आजारासाठी केलेल्या तपासण्यांचे. पहिला कागद रक्ताचा. त्यावर ‘टीटीजी आयजीए : ३४’ आणि शेजारी ‘२० पर्यंत नॉर्मल’. आकडा ठळक छापलेला, त्याच्यापुढं वर जाणारा बाण. दुसरा कागद आतड्याच्या बायोप्सीचा. त्यावर ‘मार्श १’ (आतड्याच्या नुकसानीची पायरी) आणि सगळ्यात खाली ते नेहमीचं वाक्य: ‘क्लिनिकल कोरिलेशन ॲडव्हाइज्ड’.

पोरगी वर्षभर लोहाचं औषध घेत होती, तरी हिमोग्लोबिन आठाच्या वर सरकत नव्हतं. वर्गाच्या रांगेत उंचीनं सगळ्यांच्या पुढं, म्हणजे सगळ्यांत बुटकी. अधूनमधून पोट दुखतं म्हणायची. जुलाब मात्र कधी नव्हते, त्यामुळं आतड्याचं काही असेल हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मी डॉक्टर नाही. सांगलीत हायस्कूलला विज्ञान शिकवते. पण बहिणीच्या त्या प्रश्नानं मला पुढचे काही महिने कामाला लावलं. पोटविकाराच्या डॉक्टरांना विचारलं, लॅबमधल्या ओळखीच्या माणसाशी बोलले, वाचलं. हल्ली दुकानात दर दुसऱ्या पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलं असतं, लोक या तपासण्या आपणहून करून घेतात आणि असे ना धड इकडचे ना धड तिकडचे रिपोर्ट हातात घेऊन बसतात. त्यांच्यासाठी, मला कळलं ते लिहिते आहे.

## पांढरी मुळीच जळाली तर

गव्हात ग्लुटेन नावाची प्रथिनं असतात. कणीक मळल्यावर ताणली जाते, चपाती लाटताना तुटत नाही, ती त्यांच्यामुळं. ज्वारीच्या पिठात ती नसतात, म्हणून भाकरी थापावी लागते. गव्हासारखीच ग्लुटेनची मंडळी सातूत, म्हणजे जवात असतात, आणि राय नावाच्या थंड प्रदेशातल्या धान्यात असतात. (राय वेगळी आणि फोडणीतली राई वेगळी. मोहरीला घाबरायचं कारण नाही.)

काही माणसांच्या शरीराची संरक्षण यंत्रणा हे ग्लुटेन पोटात गेलं की बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. हा सिलिॲक आजार. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बारीक बोटांसारखे लाखो कोंब असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं हेच कोंब शोषून घेतात.

आपल्या भागात ऊस किंवा द्राक्ष लावणाऱ्याला हे चटकन समजेल. बागेला कितीही खत सोडा, पांढरी मुळी, म्हणजे खत-पाणी शोषणारी कोवळी मुळी, चालत नसेल तर वेलीला काही लागू पडत नाही. पान पिवळंच राहतं. सिलिॲकमध्ये आतड्याची पांढरी मुळी जळते. माझ्या भाचीला वर्षभर दिलेलं लोहाचं औषध असंच वाया गेलं. म्हणूनच या आजाराचा पहिला पुरावा पुष्कळदा पोटाबाहेर दिसतो: न हटणारा रक्तक्षय, खुंटलेली उंची, ठिसूळ हाडं, तोंडात वारंवार येणारे व्रण, बाईमाणसात पुन्हा पुन्हा होणारे गर्भपात. जुलाब असतीलच असं नाही.

गव्हाशी याचा संबंध आहे हे ठसठशीतपणे दाखवलं विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं. त्यांना संशय १९३०च्या दशकापासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या शेवटी, हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला आणि हा आजार असलेली मुलं उपासमारीच्या त्या दिवसांत सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा ढासळली. १९५० साली डिके यांनी त्यावर प्रबंध लिहिला. त्या मुलांचं हे सुधारणं आणि ढासळणं लक्षात ठेवा, कारण रिपोर्ट का गोंधळतात याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

## रक्ताची तपासणी नेमकं काय बघते?

रक्तात ग्लुटेन शोधत नाहीत, आजारही थेट दिसत नाही. शरीरानं स्वतःविरुद्ध तयार केलेली हत्यारं, म्हणजे अँटीबॉडी, मोजतात. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं आपलंच एक विकर (एन्झाइम) असतं, त्याच्याविरुद्धची ही अँटीबॉडी. त्याचं आखूड नाव टीटीजी. पुढं लावलेलं ‘आयजीए’ हा अँटीबॉडीचा प्रकार.

चाचणी चांगली आहे आणि सुरुवात तिथूनच करतात. पण ती बोट दाखवते, निकाल देत नाही. यकृताचे आजार, मधुमेहाचा टाइप १ प्रकार, थायरॉइडचे काही विकार, कधी एखादा जंतुसंसर्ग, यांतही टीटीजी थोडी वर जाऊ शकते. ‘थोडी’ या शब्दावर जोर आहे. आकडा जितका मोठा तितका सिलिॲकचा संशय पक्का. मर्यादेच्या जेमतेम वर असेल तर संशय कच्चा.

## ३४ म्हणजे किती?

बहिणीनं शेजारच्या गावातल्या एका मुलाचा रिपोर्ट कुणाकडून तरी मिळवला होता. त्याची टीटीजी १५ होती आणि त्याला सिलिॲक आहे असं सांगितलं होतं. "मग हिची ३४ म्हणजे दुप्पट वाईट ना?" ती रडवेली झाली होती.

तसं नाही. आजी सांगायची, एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळायची नाही, म्हणून धान्य घेताना माप कुणाचं ते आधी विचारायचं. टीटीजीचं तसंच आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे किट वेगवेगळ्या मापानं मोजतात. कुठं मर्यादा ४, कुठं १०, कुठं २०. म्हणून नुसता आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडायचा नाही. आपल्या रिपोर्टवरच्या मर्यादेनं आपल्या आकड्याला भागायचं. भाचीचं ३४ भागिले २०, म्हणजे पावणेदोन पट. त्या मुलाच्या लॅबची मर्यादा ४ असेल, तर त्याचे १५ जवळजवळ पावणेचार पट झाले.

या ‘किती पट’ला फार महत्त्व आहे. युरोपातल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२०मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, मुलामध्ये टीटीजी आयजीए मर्यादेच्या दहा पट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्तात ईएमए नावाची दुसरी अँटीबॉडीही सापडली, तर पालकांशी बोलून बायोप्सीशिवायही निदान करता येतं. ईएमए सूक्ष्मदर्शकाखाली माणसानं बघून सांगायची चाचणी आहे. महाग असते, बघणारा डोळा सराईत लागतो, पण ती आली तर सिलिॲकची शक्यता बरीच पक्की होते. पावणेदोन पट म्हणजे त्या दहा पटीपासून फार लांब. इथं बायोप्सीला पर्याय नाही. मोठ्या माणसांत तर आकडा मोठा असला तरी बहुतेक ठिकाणी बायोप्सी करतातच.

## आयजीएच कमी असेल तर?

हा मुद्दा छोटा आहे, पण सुटतो. टीटीजी आयजीए मोजायची तर शरीरात आयजीए मुळात पुरेशी हवी. काही जणांच्या शरीरात ती जन्मतःच तयार होत नाही. सिलिॲकच्या रुग्णांत असे दोन-तीन टक्के असतात. त्यांची टीटीजी आयजीए अगदी साफ ‘निगेटिव्ह’ येते आणि आजार आत तसाच चालू राहतो. दिवाच नसलेल्या खोलीत काही दिसलं नाही म्हणून खोली रिकामी आहे असं म्हणण्यासारखं ते होतं.

म्हणून टीटीजीबरोबर ‘टोटल आयजीए’ ही तपासणी एकदा करायची असते. ती फारच कमी निघाली तर आयजीजी प्रकारच्या अँटीबॉडी तपासतात. भाचीच्या कागदांत टोटल आयजीए कुठंच नव्हती. तिच्या बाबतीत टीटीजी वाढलेली दिसली म्हणजे आयजीए अगदीच शून्य नाही, एवढं तरी कळलं. पण तुमचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ असेल आणि लक्षणं बोलत असतील, तर हा एक कागद आधी शोधा.

## गहू खात होती का?

मी बहिणीला हा प्रश्न विचारला तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "नाही ना. अडीच महिने बंद होता."

झालं असं होतं. पहिल्या ठिकाणी डॉक्टरांनी लक्षणं ऐकून सांगितलं होतं, ‘गहू बंद करून बघा, फरक पडतो का.’ सल्ला वाईट हेतूनं दिलेला नव्हता. घरात सासूबाईंनी तो मनापासून पाळला. पोरीला तीन वेळ ज्वारीची भाकरी, भात, वरण. डब्यात चपाती-भाजीऐवजी भाकरी-भाजी. पोट दुखणं कमी झालं. मग दुसऱ्या ठिकाणी दाखवलं, तिथं रक्त घेतलं, दुर्बीण घातली. ‘सध्या गहू खाते का?’ हे कुणी विचारलं नाही आणि यांना सांगायचं असतं हे माहीत नव्हतं.

तासगावच्या बागायतदाराला विचारा, द्राक्षावर दावण्या कधी दिसतो. ऑक्टोबर छाटणीनंतर, ओल आणि ढगाळ हवेत, पानाच्या पाठीमागं पांढरी बुरशी. आता कुणी एप्रिलच्या रखरखीत उन्हात, खरड छाटणी झाल्यावर बागेत येऊन म्हणालं, ‘पानं स्वच्छ आहेत, तुमच्या बागेत दावण्या नाही,’ तर बागायतदार त्याला काय म्हणेल? आधी ओल येऊ दे, मग बघ.

सिलिॲकला गहू ही ओल आहे. गहू थांबला की अँटीबॉडी हळूहळू उतरू लागतात आणि जळलेली पांढरी मुळी पुन्हा फुटू लागते. मुलांत हे लवकर होतं, मोठ्यांत महिने, कधी दोन-दोन वर्षं लागतात. डिके यांची ती हॉलंडमधली मुलं दुष्काळात सुधारली ती अशीच. पण याचा अर्थ असा की गहू सोडून अडीच महिन्यांनी केलेली तपासणी अर्ध्या भरलेल्या जखमेची तपासणी असते. टीटीजी ३४ ही चढताना ३४ आहे की तीनशेवरून उतरत ३४ वर आली आहे, हे त्या कागदावरून कळू शकत नाही. मार्श १ ही आजाराची सुरुवात आहे की बरं होण्याचा शेवटचा टप्पा, हेही कळत नाही.

आपल्या भागात हा घोळ होण्याचं आणखी एक कारण आहे. माण, खटाव, जत, आटपाडी या पट्ट्यात अजूनही कित्येक घरांत रोजचं जेवण भाकरीचं असतं. शाळूचं पीठ डब्यात भरलेलं, गहू आठवड्यातून दोनदा आणि सणाला. अशा घरातल्या माणसानं गहू ‘बंद’ केलेलाच नसतो, पण तो पुरेसा खातही नसतो. डॉक्टरांनी विचारलं तर तो प्रामाणिकपणे ‘हो, गहू खातो’ म्हणेल. म्हणून ‘गहू खाता का’ एवढ्यावर न थांबता ‘रोज किती चपात्या, किती दिवसांपासून’ असं विचारलं पाहिजे. आणि कुणी विचारलं नाही तर आपण सांगितलं पाहिजे.

माझं सगळ्यांत कळकळीचं सांगणं हेच आहे. संशय आला तर आधी रक्त द्या, सगळ्या तपासण्या पूर्ण होऊ द्या, तोवर गहू चालू ठेवा.

## बायोप्सी म्हणजे माती परीक्षण

दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले तांदळाच्या कणीएवढे तुकडे घेतात. पण सिलिॲकचं नुकसान सरसकट नसतं, कुठं असतं, कुठं नसतं. शेताचं माती परीक्षण करताना एकाच कोपऱ्यातली माती घेत नाहीत, नागमोडी चालत पाच-सहा ठिकाणची घेतात. झाडाखालची, उकिरड्याजवळची घेत नाहीत. आतड्यालाही तेच लागू आहे. सुरुवातीच्या फुगीर भागातले एक-दोन आणि त्यापुढच्या भागातले किमान चार, असे निदान पाच-सहा तुकडे घ्यावेत असं तज्ज्ञ सांगतात. दोनच तुकडे घेतले आणि ते नेमके धड जागेतले आले, तर रिपोर्ट खोटा दिलासा देतो. भाचीच्या रिपोर्टवर वरच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: तुकडे दोन. तुमच्या रिपोर्टवर ती ओळ शोधा.

दुसरी गोष्ट तुकडा कापण्याची. मुळा सरळ कापला तर चकती गोल येते, तिरका कापला तर लांबट. आतड्याचा तुकडा उभा न बसवता तिरका कापला गेला, तर धडधाकट कोंबही आखूड दिसतात. शंका असेल तर तीच काच (स्लाइड) दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येते. काच आणि तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा लॅबकडे जपून ठेवलेला असतो, तो मागायचा आपला हक्क आहे. नवीन दुर्बीण न घालता नवीन मत मिळतं.

आता ‘मार्श’. मायकेल मार्श यांनी १९९२मध्ये नुकसानीच्या पायऱ्या ठरवल्या, पुढं इतरांनी त्यात पोटप्रकार घातले. शून्य म्हणजे सगळं ठीक. १ म्हणजे कोंब शाबूत, पण त्यांच्या सालीत संरक्षक पेशींची गर्दी वाढलेली. ३ म्हणजे कोंब आखूड झालेले, अ-ब-क अशा चढत्या क्रमानं, क म्हणजे जवळजवळ सपाट. २ मधली पायरी, ती फारशी भेटत नाही.

मार्श १ वर घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका. ही गर्दी वेदनाशामक गोळ्यांनी होते, जठरातल्या एच. पायलोरी जंतूनं होते, साध्या संसर्गानं होते. अशा बहुतेकांना सिलिॲक नसतो. काहींना असतो.

मार्श ३ सुद्धा शंभर टक्के सिलिॲक नव्हे, आणि आपल्याकडे हे विशेष लक्षात ठेवायला हवं. उष्ण प्रदेशात होणारा ट्रॉपिकल स्प्रू, जिआर्डिया नावाचा परजीवी, आतड्याचा टीबी, प्रतिकारशक्तीचे काही दोष, रक्तदाबावरची ओल्मेसार्टन ही गोळी, यांनीही कोंब झडतात. ट्रॉपिकल स्प्रूला फॉलिक ॲसिड आणि काही महिने अँटिबायोटिक लागतं, टीबीला टीबीचं औषध. गहू सोडून त्यातलं काहीही बरं होणार नाही. रिपोर्टखालच्या त्या ‘क्लिनिकल कोरिलेशन’चा अर्थ इतकाच: मी काचेवर हे पाहिलं, आता माणूस बघून, रक्त बघून, आहार विचारून काय ते ठरवा. पॅथॉलॉजिस्ट चेंडू टोलवत नसतो, एका काचेवरून जेवढं खरं सांगता येतं तेवढंच सांगत असतो.

## जीनची तपासणी करून टाकली तर सोक्षमोक्ष लागेल?

हा प्रश्न मेहुण्यांचा. महाग तपासणी म्हणजे शेवटची तपासणी, असं आपल्याला वाटतं. सिलिॲक होण्यासाठी एचएलए डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ या जनुकांपैकी एक बहुतेक नेहमीच असावं लागतं. पण ती जनुकं आपल्यातल्या साधारण तीनांत एका माणसाकडे असतात आणि त्यातल्या फार थोड्यांना आजार होतो.

विहीर खणलेली असली म्हणजे तिला पाणी आहे असं नाही, हे माणदेशात कुणाला सांगायला नको. पण विहीरच नसेल तर पाण्याचा प्रश्न मिटला. ही दोन्ही जनुकं नाहीत असा रिपोर्ट आला तर सिलिॲक जवळजवळ बाद होतो, आणि गहू आधीच सोडलेला असला तरी या तपासणीवर परिणाम होत नाही. तिथं तिचा खरा उपयोग आहे. ‘पॉझिटिव्ह’ आली तर मात्र तुम्ही होता तिथंच आहात. भाचीची आली पॉझिटिव्ह.

बाजारात ‘फूड इनटॉलरन्स’ म्हणून शंभर-दोनशे पदार्थांची आयजीजी तपासणी विकतात, तिचा सिलिॲकच्या निदानाशी काही संबंध नाही. त्यावर पैसे घालू नका.

## गहू सोडून बरं वाटतंय, मग निदानाचा हट्ट कशाला?

सासूबाईंचं म्हणणं हेच होतं आणि ते सहज उडवून लावण्यासारखं नाही. नात हसतीखेळती झाली होती.

पण गहू सोडून बरं वाटण्याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. गव्हात ग्लुटेनशिवाय फ्रुक्टान नावाची साखर असते, ती काहींच्या पोटात वायू धरते. कांदा-लसणातही ती असते. कुणाला गव्हाची ॲलर्जी असते, तो निराळाच प्रकार. आणि गव्हाबरोबर बेकरीची खारी, बिस्किटं, वडापावचा पाव बंद झाला की कुणालाही बरंच वाटेल. ज्याला नुसतं पोट फुगतं, त्याला लग्नात अर्धी पुरी खाल्ली तर फार तर एक रात्र त्रास. सिलिॲकवाल्याला अर्धी पुरीही चालत नाही, जन्मभर. त्रास जाणवला नाही तरी आत मुळी जळत राहते.

आणि ही ‘जन्मभर’ची शिस्त काय असते ते बहिणीच्या स्वयंपाकघरात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, म्हणजे आमटीची फोडणीसुद्धा बदलावी लागते. गिरणीत आपण पिढ्यानपिढ्या ‘ज्वारीवर ज्वारी दळा’ म्हणत आलो ते चवीसाठी. इथं ते पुरत नाही, कारण जात्याच्या खाचेत अडकलेला गहू पहिल्या शेरभर पिठात उतरतोच. घरगुती गिरणी वेगळी, पोळपाट वेगळा, तवा वेगळा. पाकीटबंद पदार्थावर आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानं ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. मर्यादा किती बारीक आहे बघा. निदान झालेल्या माणसाची टीटीजी वर्षभराच्या पथ्यानंतरही थोडी वरच राहिली, तर आधी संशय या हिंगावर आणि गिरणीवर घ्यायचा असतो.

एवढं सगळं ‘बहुतेक असेल’ या भरवशावर आठ वर्षांच्या मुलीच्या गळ्यात बांधायचं? आणि उलट बाजूनं, पक्कं निदान नसेल तर दहा वर्षांनी ती हॉस्टेलवर गेल्यावर कुणीतरी म्हणेल, तुला काही झालेलं नाही, हे नखरे आहेत, आणि ती खायला लागेल. निदान पक्कं असेल तर तिच्या आईवडिलांची, भावाची तपासणीही होते, कारण सख्ख्या नात्यात हा आजार इतरांपेक्षा बराच जास्त सापडतो.

## हा तर उत्तरेकडचा आजार ना?

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय अभ्यासात तेवीस हजारांहून जास्त प्रौढांचं रक्त तपासलं होतं. अँटीबॉडी सापडण्याचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के, दक्षिणेत ०.१० टक्के. यावरून ‘आपल्याकडे नसतो’ असं म्हणणाऱ्यांनी त्याच अभ्यासाचा दुसरा आकडा बघावा: ती डीक्यू जनुकं तिन्ही भागांत जवळजवळ सारख्याच प्रमाणात होती. मोठा फरक होता ताटातल्या गव्हाचा. आपली ताटं गेल्या पन्नास वर्षांत कशी बदलली, भाकरीच्या जागी चपाती आणि चपातीच्या जागी पाव-बिस्किट कसं आलं, ते प्रत्येकानं आपल्या घरात पाहिलंय.

आणि खपली? मला हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेला. कृष्णाकाठचा खपली गहू जुना आहे, पचायला हलका म्हणून त्याचं नाव आहे, त्याची खीर आमच्याकडे लग्नकार्यात असतेच. पण खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे. सिलिॲकला खपली चालत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, वरई, राजगिरा चालतात.

## पुन्हा गहू सुरू करायचा?

हो. याला ग्लुटेन चॅलेंज म्हणतात. रोज ठरावीक गहू, साधारण तीन ते दहा ग्रॅम ग्लुटेन होईल इतका, सहा ते आठ आठवडे, आणि मग पुन्हा रक्त व बायोप्सी. एका मध्यम चपातीत ढोबळ मानानं दोन-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं, म्हणजे रोज दोन चपात्या पुरतात. फार त्रास झाला तर दोन आठवड्यांनंतरही तपासणी करता येते. हे स्वतःच्या मनानं करायचं काम नाही. पाच वर्षांखालच्या मुलांत आणि वयात येताना उंची झपाट्यानं वाढत असते त्या काळात तज्ज्ञ हे टाळायला सांगतात. आठव्या वर्षी मधली संधी होती.

सासूबाईंना हे पटवणं सगळ्यांत अवघड गेलं. बऱ्या झालेल्या लेकराला जाणूनबुजून दुखणं द्यायचं, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "आजी, दावण्या आहे का नाही हे न बघता तुम्ही जन्मभर औषध मारत बसाल का बागेला?" आजींच्या माहेरी द्राक्षं आहेत.

हे सगळं करूनही उत्तर मध्येच अडकू शकतं. अँटीबॉडी आहेत, जनुक आहे, आतडं मात्र जवळपास ठीक. याला ‘पोटेन्शियल सिलिॲक’ म्हणतात. त्यातल्या काही मुलांच्या अँटीबॉडी गहू खाता खाताच आपोआप उतरतात, काहींचं आतडं पुढं बिघडतं. लक्षणं नसतील तर पुष्कळदा गहू चालू ठेवून ठरावीक महिन्यांनी रक्त, उंची, वजन बघत राहतात. लक्षणं असतील तर पथ्य सुरू करण्याचा विचार होतो. तिथं निर्णय कागद घेत नाही, डॉक्टर आणि घरचे मिळून घेतात.

भाचीचा आता सातवा आठवडा चालू आहे. एक चपाती डब्यात, एक रात्री. तिसऱ्या आठवड्यापासून पोट पुन्हा दुखायला लागलं, दोनदा शाळा बुडाली. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर बहीण रोज दोन रेघा मारते, ज्या दिवशी एकच चपाती गेली त्या दिवशी एक. पुढच्या सोमवारी रक्त: टीटीजी, टोटल आयजीए, ईएमए. दुर्बीण गुरुवारी. अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीच्या मागं तिनं पेननं लिहून ठेवलंय: ‘गहू आठ आठवडे चालू, रोज दोन चपात्या. तुकडे किमान सहा, वरच्या फुगीर भागातलेसुद्धा. विचारले नाही तरी सांगायचे.’